पार्बताबाईंनी मोजलेला पोपट

पार्बताबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यातलं लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं.

अमरावतीत राजापेठेच्या पलीकडे तेव्हा वस्ती संपून मळे लागायचे. तिथे त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, आणि बांधाच्या कडेने शेवंती नि मोगरा. नवरा, किसनराव, लवकर वारला होता. मुलगा भगवंत मोट हाकायचा, आणि पार्बताबाई सकाळी सात वाजता ओल्या फडक्याखाली फुलं झाकून घरोघर फिरायच्या. आमच्या घरी पूजेची फुलं त्यांच्याकडूनच येत. बुटक्या, सडपातळ, पन्नाशीच्या आसपासच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं. पुण्याहून आलेल्या आमच्या एका पाहुणीला वाटलं होतं की ही बाई भांडायलाच आली आहे.

माझे वडील, चिंतामणराव, सरकारी खात्यात जनावरांचे डॉक्टर होते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. अकोला, परतवाडा, दर्यापूर असं फिरून १९३२ साली ते निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांना एक नाद लागला होता. मेलेल्या जनावराची कवटी उघडायची, मेंदू काढायचा आणि सोनाराच्या काट्यावर तोलायचा. बैल, घोडी, डुक्कर, ससा, घूस. तीस वर्षांची वजनं त्यांच्याकडे वहीत लिहिलेली होती, आणि त्या वजनांवरून ते मराठीत एक ग्रंथ लिहीत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मेंदू जितका जड, तितक्या त्यात पेशी जास्त. जितक्या पेशी जास्त, तितकी बुद्धी जास्त. ग्रंथात एक प्रकरण बायकांवरही होतं. बाईचा मेंदू पुरुषाच्या मेंदूहून पाच औंसांनी हलका भरतो असं विलायती पुस्तकांत दिलेलं होतं, त्यावर ते प्रकरण उभं होतं. त्याची स्वच्छ प्रत मीच केली. माझं वय तेव्हा सत्तावीस. मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्न जमलं नव्हतं, आणि घरच्यांनी ते जमवायचं थांबवलं होतं. मी अक्षर चांगलं काढून ते प्रकरण लिहिलं आणि वर पानाचा आकडा टाकला.

वजनं होती, पण पेशी कोणी मोजल्या होत्या? नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाने तात्यांना हेच पत्राने विचारलं. तात्यांना ते लागलं. त्यांनी जुनं सूक्ष्मदर्शक आणि मेणात बसवलेल्या मेंदूचे पातळ काप काढायचं यंत्र मिळवलं आणि अंगणातल्या घोड्याच्या पागेत मांडलं. घोडा केव्हाच विकला होता.

पार्बताबाई या कामात कशा आल्या ते सांगते. एकदा तात्या गुलाबाची कळी हातात धरून भिंग लावून बसले होते. झाड सुकत होतं, कीड दिसत नव्हती. पार्बताबाईंनी टोपली खाली ठेवली, कळी घेतली, उजेडाकडे केली आणि म्हणाल्या, "मावा हाय ना जी हा. पाकयीच्या मांगं. सात हायेत. आठवा मेला हाय."

तात्यांनी भिंगातून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "पार्बते, जरा पागेत ये."

सूक्ष्मदर्शकाच्या नळीत चौकटी आखलेली एक काच बसवलेली होती. खाली निळा रंग दिलेला शेळीच्या मेंदूचा काप. पार्बताबाईंनी एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला. मग म्हणाल्या, "अवो बाप्पा. ह्यात तं डोये हायेत."

तात्या खुश झाले. मेंदूच्या मुख्य पेशीच्या मधोमध फिकट गोल असतो आणि त्यात गडद ठिपका. खरोखर डोळ्यासारखाच दिसतो. बाकीच्या लहान पेशी नुसत्याच काळ्या. त्या दिवशी तात्यांनी त्यांना शिकवलं आणि पार्बताबाईंनी ते स्वतःच्या शब्दांत पक्कं केलं. "डोयावाले मोजाचे, आंधये सोडाचे."

दोन वर्षं त्या रोज फुलं देऊन झाली की तासभर पागेत बसत. विसाविसाने मोजत. वीस झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. आकडा सांगत, मी किंवा तात्या लिहून घेऊ. मग तात्या स्वतः नळीला डोळा लावत, क्षणभर पाहत आणि "बरोबर" म्हणत. उन्हाळ्यात मेण मऊ पडायचं, काप चुरगळायचे, म्हणून वाळ्याचे ओले पडदे सोडून भल्या सकाळी, फुलं वाटण्याआधी, काम चालायचं. काप काढायलाही त्याच शिकल्या. गजरा ओवणारी बोटं. तात्यांच्या हातून फाटलेला काप त्यांच्या हातून फाटत नसे.

मळ्यात मात्र भगवंत धुसफुसत होता. "माय, ढोरायच्या मेंदूले हात लावते न त्याच हातानं देवाचे फुलं देते," असं तो म्हणायचा. पार्बताबाई त्याला म्हणायच्या, "हात धुते ना मी. तू धुतं का मोटीवरून आल्यावर?"

आकडे कसे येत होते ते थोडं सांगायला हवं. शेळीच्या मेंदूत एका चौकटीत तीन-चार डोळे दिसत. घुशीच्या मेंदूत पंचवीस-तीस. हे पाहून मला नवल वाटलं होतं. तात्या म्हणाले, लहान जनावरात पेशी बारीक आणि दाटीने असतात, हे पुस्तकांतही आहे. पण एकूण मेंदूच एवढासा, तेव्हा गुणाकार केला की शेळी पुढेच. गुणाकार केला, शेळी पुढेच होती. मग सेमाडोहच्या जंगलातल्या एका रेंजरने मेलेल्या वानराचा मेंदू स्पिरिटमध्ये घालून पाठवला. वजनाला शेळीइतकाच, दहा तोळ्यांच्या आसपास. पण चौकटीत वीस डोळे. एकाच वजनाचे दोन मेंदू आणि पेशी पाचपट! दोन दिवस तात्यांनी वही उघडली नाही. मग त्यांनी लिहिलं की वानर मनुष्याच्या जवळचं, त्याचा न्याय वेगळा. मी तेही स्वच्छ अक्षरात उतरवलं.

आमच्या घरी एक पोपट होता. मेळघाटातला करण पोपट, खांद्यावर तांबडा डाग असलेला. आईने त्याचं नाव रावजी ठेवलं होतं. माझी आई गोदावरी १९२९ साली तापाने गेली, आणि त्यानंतर सात वर्षं तिचा आवाज घरात राहिला तो रावजीच्या गळ्यात. "कुंदे, कडी लाव," असं तो म्हणायचा. हुबेहूब. शब्द संपताना आई जो किंचित हेल काढायची, तोसुद्धा. घरी येणारे लोक दचकत. मी दचकत नसे. मी कडी लावत असे.

१९३६च्या डिसेंबरात एक दिवस शाळेतून आले तर पिंजरा धुऊन उपडा घातलेला.

"तात्या, रावजी कुठाय?"

"गेला. थंडी सोसली नाही," तात्या म्हणाले. "दुपारी बघितला तर अजून ऊब होती. मेंदू ताजा मिळाला."

मला आधी कळलंच नाही. मग मी पागेत गेले. खिडकीत काचेच्या बरणीत, स्पिरिटमध्ये, बोराएवढं काहीतरी पांढरट तरंगत होतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"आणि तो? त्याला पुरलंत की नाही?"

"बाकीचा पुरलाय ना. कण्हेरीखाली."

बाकीचा. हा शब्द तात्यांनी इतक्या साधेपणाने उच्चारला की मला रडूही आलं नाही. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"कुंदे, मनाला लावून घेऊ नकोस. तो बोलायचा ते तुझ्या आईचं बोलणं नव्हे. अर्धा तोळासुद्धा भरला नाही मेंदू. त्यात विचार मावायला जागाच नाही. नुसती नक्कल. लोकांना हेच दाखवायचं आहे मला, पोपटाचं प्रकरण लोक वाचतील."

मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. पार्बताबाईंनी बरणी पाहिली, हात जोडले आणि कामाला लागल्या. त्यांनाही रावजी नावाने हाक मारायचा.

मेंदू मुरायला, मेणात बसवायला, काप काढून रंगवायला फेब्रुवारी उजाडला. त्या शनिवारी माझी शाळा सकाळची होती. अकरा वाजता घरी आले तर पागेतून तात्यांचा चढलेला आवाज ऐकू आला. मी तशीच आत गेले.

पार्बताबाई नळीला डोळा लावून बसल्या होत्या. चिंचोके उजवीकडे सरकलेले होते.

"पुन्हा मोज," तात्या म्हणत होते.

"दोनदा मोजलं जी. पयल्या चौकटीत सात विसा न तीन. दुसऱ्या चौकटीत सात विसाले एक कमी."

एकशे त्रेचाळीस. एकशे एकोणचाळीस. जिथे शेळीत चार आणि वानरात वीस होते.

"तू आंधळे मोजलेस," तात्या म्हणाले.

"नाई जी. डोयावालेच मोजले. बारीक हायेत, राईच्या दाण्यावानी दाटले हायेत, पन डोया हाय परत्येकाले."

"अशक्य आहे. फुलं मोजण्याइतकं सोपं वाटलं का हे तुला? दोन वर्षं मी शिकवतोय आणि अजून—"

"मंग तुमी मोजा," पार्बताबाई म्हणाल्या आणि उठून बाजूला झाल्या.

तात्या बसले नाहीत. नळीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, रागाने. मी म्हटलं, "तात्या, बघा ना एकदा. म्हणजे संपलं."

ते बसले. डोळा लावला. क्षणभर पाहिलं, नेहमीसारखं. आणि म्हणाले, "चूक आहे. सगळे आंधळेच आहेत."

पार्बताबाईंनी पदर सावरला. त्यांचा आवाज चढला नाही.

"डाक्टरसाब, मी मघा कापाची काच हलवून ठेवली. नयीखाली आता काप नाई. काईच नाई तिथं."

मी पुढे होऊन नळीत पाहिलं. चौकटींच्या रेघा आणि त्यांमागे नुसता पांढरा उजेड होता. स्वच्छ, रिकामा उजेड.

"दोन वर्सं झाले," पार्बताबाई म्हणाल्या. "तुमाले दिसत नाई हे मले मालूम हाय. तुमी कधी चाक फिरवून नजर लावतच नाई. मी बोलली नाई. म्हटलं, मानसाचा मान असते. पन माह्यावर खोटं घालून राहिले, म्हनून बोलली."

तात्यांना मोतीबिंदू आहे हे मला माहीत होतं, पण तो "कच्चा" आहे असं ते सांगत. त्यांना संध्याकाळी अडखळायला होतं, ताटातला खडा दिसत नाही, हे मी पाहिलं होतं. पण दोन वर्षं, रोज, त्या नळीला डोळा लावून "बरोबर" म्हणणारा माझा बाप काहीच पाहत नव्हता, हे मला सुचलंही नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

"चालती हो," तात्या म्हणाले. "उद्यापासून फुलंसुद्धा नकोत."

पार्बताबाई टोपली उचलून गेल्या.

मी त्या दिवशी जेवले नाही. तात्या माजघरात भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पागेत जाऊन काप नळीखाली बसवला, उजेड लावला आणि स्वतः मोजायला बसले. डोळा दुखून पाणी यायला लागलं, मान अवघडली. तीन चौकटी मोजल्या. एकशे एक्केचाळीस. एकशे अडतीस. एकशे सेहेचाळीस. आंधळे सोडून.

मग कागद घेतला. शेळीच्या पुढच्या मेंदूचं वजन, रावजीच्या पुढच्या मेंदूचं वजन, दोन्हीकडचे चौकटींचे आकडे. गुणाकार केला. पुन्हा केला. एकदा पाढ्यांनी, एकदा कागदावर.

रावजी पुढे होता. वीसपट जड मेंदूच्या शेळीहून दीडपट पेशी त्याच्या त्या बोराएवढ्या मेंदूत होत्या.

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आनंद मुळीच नव्हता. भीती वाटली. कण्हेरीखाली आम्ही काय पुरलं होतं? आणि बरणीत काय ठेवलं होतं?

संध्याकाळी कागद तात्यांच्या पुढे धरला, मग लक्षात आलं की त्यांना तो वाचता येणार नाही, आणि मोठ्याने वाचून दाखवला.

"तुला कोणी सांगितलं होतं मोजायला?" ते म्हणाले.

"तात्या, पार्बताबाई चुकल्या असं म्हणायचं असेल तर शेळीचा आकडाही त्यांचाच आहे. वानराचा त्यांचा. सशाचा त्यांचा. तुम्ही एकही तपासलेला नाही. त्या खोट्या असतील तर ग्रंथात काहीच उरत नाही. आणि खऱ्या असतील तर—"

"तर ग्रंथच उरत नाही," तात्यांनी वाक्य पुरं केलं.

मार्चमध्ये ते आपणहून म्हणाले, अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. त्यांच्या वडिलांचे डोळे असल्याच ऑपरेशनात गेले होते, म्हणून ते इतकी वर्षं टाळत होते. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला माझ्या चुलतभावाकडे, वसंतकडे, उतरलो. ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या, हलायचं नाही. मी उशाशी बसून असे. चौथ्या दिवशी दुपारी ते अचानक बोलले.

"कुंदे, तो कडी लाव म्हणायचा, तेव्हा कडी उघडी असायची का गं?"

मी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं.

"कधी असायची, कधी नसायची," मी म्हटलं. "मी कधी लक्षच दिलं नाही, तात्या."

"मीही नाही," ते म्हणाले. पट्टीखालून पाणी यायला लागलं तसं मी घाबरून नर्सला हाक मारली.

मे महिन्यात जाड काचांचा चष्मा आला. तात्या त्याच सकाळी पागेत जाऊन बसले. मी दारात उभी. त्यांनी चाक फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. मोजायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. अर्ध्या तासाने त्यांनी नळीवरून डोळा काढला.

"एकशे अडतीस," ते म्हणाले. मग पायात वहाणा घालून उन्हात बाहेर पडले. मी छत्री घेऊन मागे धावले.

मळ्यात पार्बताबाई वांग्यांना पाणी देत होत्या. तात्या थेट सरीत शिरले. चिखलात घोट्यापर्यंत.

"पार्बताबाई," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नावापुढे बाई लावली. "तुमचा आकडा बरोबर होता. मी पाहिला. आज पाहिला."

पार्बताबाईंनी फावडं खाली ठेवलं नाही. "मले काहून सांगता जी? मले तं तवाच मालूम होतं. त्याले सांगा." त्यांनी मोटेकडे हात केला. "साऱ्या राजापेठेत बोभाटा झाला, पार्बताले डाक्टरानं हाकललं, तिनं घरातून काई उचललं असन. चार घरायनं फुलं बंद केले. ह्या माह्या लेकाले बी वाट्टे का मी चोरी केली."

तीन महिने. मी रोज त्या रस्त्याने शाळेत जात होते आणि मला हे माहीत नव्हतं. विचारावंसंही वाटलं नव्हतं.

भगवंत मोटेजवळून खाली बघत होता. तात्या त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःला दिसत नव्हतं हेसुद्धा. मग त्या चारही घरी ते गेले, माझ्यासोबत, आणि प्रत्येक ओट्यावर उभं राहून तेच सांगितलं. एका घरातल्या वकिलीणबाईंनी तोंडाला पदर लावला. बहुधा त्यांना वाटलं की उन्हाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे.

ग्रंथाचे पहिले काही फर्मे छापून झाले होते. तात्यांनी छापखान्याला थांबायला सांगितलं. दिवाळीनंतर वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं, ते मात्र त्यांनी रद्द केलं नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले की तीस वर्षं मी वजन केलं आणि वजनाला बुद्धी समजलो. मेंदूचं वजन सांगून त्यात किती पेशी आहेत ते कळत नाही, प्रत्येक जातीच्या जनावराची दाटी निराळी, आणि पाखरांची तर आपल्याला कल्पनाच नाही. मग त्यांनी शेळीचा आणि पोपटाचा आकडा सांगितला.

मग नारायणराव वकील उठले. "हे मोजलं कोणी?"

"आधी पार्बताबाई माळिणीने. मग माझ्या मुलीने. मग मी."

हशा उसळला. कोणीतरी मागून ओरडलं, "म्हणजे बकरीपेक्षा पोपट शहाणा, आणि डॉक्टरपेक्षा माळीण!" पुन्हा हशा.

पार्बताबाई दाराशी बायकांत बसल्या होत्या. त्या उठल्या.

"हासून काय होते जी? काच हाय, दुर्बीन हाय. उद्या सकायी या न पाहा. मोजता तं येते ना तुमाले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पाग झाडून, सूक्ष्मदर्शक मांडून वाट पाहत बसलो. दोघंच आले. देवीदास नावाचे एक शाळामास्तर, आणि शेजारच्या मैनाबाई, त्याही केवळ कुतूहलापोटी. देवीदास मास्तरांनी एक चौकट पुरी मोजली. एकशे चाळीस. मग ते उठले, टोपी घातली, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "आमच्या वर्गात मी रोज एका पोराला पोपटासारखा पाठ म्हणतोस म्हणून मारतो." आणि गेले.

तात्यांनी मुंबईला एका विद्वानाला सगळे आकडे पाठवले. उत्तर तीन ओळींचं आलं. मोजणी निरक्षर स्त्रीने केलेली असल्याने तिचा विचार करता येत नाही. मी आणि तात्यांनी केलेल्या मोजणीचा त्यात उल्लेखही नव्हता. मी ते वाचून दाखवलं तेव्हा पार्बताबाईंनी विचारलं, "त्याइनं काप मांगतला का पाहाले?" नाही, मी म्हटलं. "मंग सोडा," त्या म्हणाल्या.

बायकांवरच्या प्रकरणाचं मी विचारलं. तात्यांनी मला ती पानं आणायला सांगितली. त्यांवर स्वतःच्या हाताने उभी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "माहीत नाही. मोजलेले नाही." मी पार्बताबाईंना ते वाचून दाखवलं.

"काहून मोजलं नाई?" त्यांनी विचारलं.

"माणसाचा मेंदू कोण देणार, पार्बताबाई?"

त्या शेवंतीचे देठ खुडत होत्या. हात थांबला नाही.

"माहा घ्या ना. मी मेल्यावर. मले काय त्याचं काम?"

तात्यांनी चष्मा काढला. त्या मात्र देठ खुडत राहिल्या, आणि जाताना म्हणाल्या, "कुंदाताई, पन बराबर मोजजा. आंधये सोडून."

तात्या १९४१ साली गेले. त्यांचा ग्रंथ कधीच छापला गेला नाही. त्यानंतरही पार्बताबाई अधूनमधून यायच्या. आम्ही दोघींनी कावळा मोजला, घार मोजली. कावळ्याचा आकडा पाहून त्या हसल्या नि म्हणाल्या, हे तं मले वाटलंच होतं, लय लबाड जात हाय.

१९४४च्या भाद्रपदात भगवंत आमच्या दारात आला. केस विस्कटलेले. चार दिवसांच्या तापात पार्बताबाई गेल्या होत्या आणि मला ठाऊकही नव्हतं. मी ओट्यावरच बसले.

"ताई," तो म्हणाला, "माय बोलून गेली. डोक्यातलं काडून कुंदाताईले दे म्हने. मी दोन रोज तिच्यासंगं भांडलो. नाई म्हटलं. पन तिनं सोगन घातली." त्याने मळ्याकडे हात केला. "आता तुमी सांगा. लोकं जमले हायेत."

मी अंगावरच्या साडीनिशी एका डॉक्टरांकडे धावले. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी आजवर ती नजर विसरलेली नाही. "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" ते म्हणाले, आणि त्यांनी गड्याला मला बाहेर पोचवायला सांगितलं.

मळ्यापर्यंत चालत गेले. माणसं जमली होती, तिरडी बांधून तयार होती. भगवंतने लांबूनच मला पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. मग तो तिथेच, सगळ्यांदेखत, मोटेच्या दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हुंदके देऊ लागला.

"तिनं कधी काईच मांगतलं नाई माह्याजवळ," तो म्हणत होता. "एकच मांगतलं."

बायकांनी मला बाजूला घेतलं. मी आत जाऊन पार्बताबाईंचं कपाळ पाहिलं. कुंकू पुसून वर्षं झालेलं ते कपाळ, अरुंद, उन्हाने काळं पडलेलं. त्यामागे काय होतं, किती होतं, ते आता कोणालाच कळणार नव्हतं. मग माणसांनी त्यांना उचललं.